कादंबरी स्वखर्चाने काढताना मुखपृष्ठाचं चित्र कसं निवडावं

मुद्रितं तपासून झाली की मुखपृष्ठाचा विषय निघतो, आणि बहुतेक वेळा तो उलट्या टोकाकडून निघतो. आधी कुणाचं तरी चित्र आवडतं, मग त्यावर शीर्षक कुठे मावेल याची शोधाशोध होते, आणि आकार, कणा, कागद या गोष्टी प्रेसवाला विचारील तेव्हा आठवतात. क्रम असा ठेवा: आधी प्रेसकडून मापं, मग शीर्षकाची अक्षरं, मग चित्र. भिंतीवर शोभणारं चित्र मुखपृष्ठावर चालेलच असं नाही. भिंतीवरच्या चित्राला शीर्षक, लेखकाचं नाव आणि कटिंगची सुरी या तिघांशी जमवून घ्यावं लागत नाही.

पुस्तक कुठून पाहिलं जाणार

सीमाभागात मराठी कादंबरी मुख्यतः तीन ठिकाणी दिसते. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी, सांबरा अशा गावांच्या साहित्य संमेलनांत ती टेबलावर आडवी पडलेली असते; वाचक उभा असतो, चार-पाच फुटांवरून वरून बघतो आणि मागून कुणीतरी ढकलत असतं. वाचनालयाच्या रॅकवर तिचा फक्त कणा दिसतो. आणि व्हॉट्सअॅपवर प्रकाशनाची बातमी फिरते तेव्हा ती आगपेटीएवढी होते.

म्हणून कच्चं मुखपृष्ठ संगणकाच्या पडद्यावर मोठं करून बघत बसू नका. ए-फोर कागदावर पुढच्या पृष्ठाची खऱ्या मापात साधी प्रिंट काढा, त्याच आकाराच्या जुन्या पुस्तकाला गुंडाळा, आठ-दहा पुस्तकांच्या मध्ये जमिनीवर ठेवा आणि उभे राहून बघा. मग फोनवर त्याचा फोटो अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. शीर्षक वाचता येतंय का, आणि चित्रात काय आहे ते कुणी न सांगता कळतंय का, एवढंच तपासायचं. घरच्यांना विचारू नका. त्यांना कथा माहीत असते. ज्याने कादंबरी वाचलेली नाही त्याच्या हातात द्या आणि 'ही कशाबद्दल असेल?' एवढंच विचारा. गावाकडची आहे, खुनाची आहे, नवरा-बायकोची आहे, असं काहीतरी बरोबर उत्तर आलं की झालं. 'कवितासंग्रह दिसतोय' असं उत्तर आलं तर चित्र परत घ्या. धूसर जलरंग आणि कोपऱ्यात चिमुकलं शीर्षक दिसलं की मराठी वाचक हमखास तेच समजतो.

वाचनालयाची गोष्ट लेखक विसरतात. तिथे कण्याच्या तळाशी वर्गीकरण क्रमांकाची चिठ्ठी चिकटते. खालचे दोन इंच तिच्यासाठी सोडा, नाहीतर लेखकाचं नाव तिच्याखाली जातं आणि पुस्तक फाटेपर्यंत तिथेच राहतं.

मापं

मराठी कादंबऱ्या बहुधा डेमी १/८ आकारात निघतात, म्हणजे कापून झाल्यावर ५.५ × ८.५ इंच. प्रेसनुसार सूतभर इकडेतिकडे होतं, म्हणून बेळगावात छापा, निपाणीत छापा की कोल्हापुरात, कापून झालेलं माप त्या प्रेसकडूनच मिलिमीटरमध्ये लिहून घ्या.

कण्याची जाडी काढायची रीत: पृष्ठसंख्या भागिले दोन, गुणिले एका कागदाची जाडी. २४० पृष्ठं म्हणजे १२० पानं. ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) साधा मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा नेहमीचा पांढरा कागद, सुमारे ०.०९ मिमी जाड असतो, म्हणजे कणा जेमतेम ११ मिमी. तेवढ्याच जीएसएमचा फुगीर क्रीम कागद घेतला तर हाच कणा दोन-अडीच मिलिमीटरने वाढतो. त्यामुळे गणितावर थांबू नका. त्याच कागदाची, तेवढ्याच पानांची कोरी डमी प्रेसकडून बांधून घ्या आणि ती मोजा. कागद शेवटच्या क्षणी बदलला तर मुखपृष्ठाची फाइलही बदलावी लागते, हे प्रेसला आधीच बजावून ठेवा.

समजा कणा १२ मिमी आला. पुढचं पृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ मिळून रुंदी २९१.४ मिमी. कापताना सुरी थोडी सरकते, म्हणून चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे चित्र कडेच्या पलीकडे तेवढं वाढवायचं. एकूण २९७.४ × २२१.९ मिमी. छपाईला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) लागतो, तेव्हा चित्र सुमारे ३,५१३ × २,६२१ पिक्सेलचं हवं. फक्त पुढच्या पृष्ठासाठी ब्लीड धरल्याशिवाय १,६५० × २,५५० पुरतात. फोनच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा ४,००० × ३,००० चा फोटो पूर्ण वापरला तर तिन्ही भागांवर कसाबसा पुरतो. त्यातला अर्धा तुकडा कापून तोच सगळीकडे पसरवला की चित्र फुटतं. पडद्यावर हे लक्षात येत नाही, छापल्यावर येतं.

अक्षरं आणि चेहरे कापणीच्या कडेपासून किमान ६ मिमी आत ठेवा. कणा मात्र बांधणीत मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकतोच. म्हणून पुढचं पृष्ठ पिवळं आणि कणा बरोबर कडेपासून काळा, असली रचना टाळा. रंगाची ती रेघ पुढच्या पानावर येते आणि शंभरातल्या बऱ्याच प्रती वाकड्या दिसतात. चित्र किंवा रंग कण्यावरून सलग वळवलेला बरा. कणा ६ मिमीपेक्षा बारीक असेल तर त्यावर काही लिहू नका.

फ्लॅप, म्हणजे मुखपृष्ठाची आत दुमडलेली पट्टी, घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. साडेतीन इंचांचे दोन फ्लॅप घेतले की उघडं मुखपृष्ठ साडेअठरा इंचांवर जातं, एका शीटमध्ये कमी मुखपृष्ठं बसतात आणि दर चढतो. पाठराखण (पुस्तकाची ओळख करून देणारा मजकूर) आणि लेखक-परिचय मलपृष्ठावर मावत असेल तर फ्लॅपचे पैसे चित्रकाराला द्या.

चित्रात काय असावं

एकच गोष्ट. हे सांगायला सोपं आणि लेखकाला पटायला अवघड, कारण लेखकाला नायिका हवी असते, तिचा वाडा हवा असतो, मागे डोंगर आणि आकाशात सासऱ्याचा चेहरा.

उदाहरण घेऊ. निपाणीतल्या एका विडी कामगार बाईची कादंबरी आहे, काळ १९८१ च्या तंबाखू आंदोलनाच्या आसपासचा. पहिली कल्पना येते ती मोर्चाची: गर्दी, झेंडे, पुढे नायिका. साडेपाच इंचांत त्या गर्दीचे ठिपके होतात, झेंड्यांच्या काठ्या शीर्षकातून जातात आणि वाचकाला ते आंदोलनाच्या इतिहासाचं पुस्तक वाटतं. दुसरी कल्पना, मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई. ही बरी, पण असं चित्र अहवालावरही चालेल. तिसरी कल्पना: दोऱ्याने बांधलेला विड्यांचा एक जुडगा, शेजारी पान कापायची कात्री, आणि कात्रीच्या कडीत अडकलेली हिरवी बांगडी. बाकी सगळा तंबाखूचा तपकिरी रंग. वरचा चाळीस टक्के भाग रिकामा, शीर्षकासाठी. यात बाई दिसत नाही तरी आहे, काम आहे, आणि काहीतरी अडकलंय हेही आहे. मलपृष्ठावर तोच तपकिरी रंग सलग जातो, त्यावर पांढऱ्या अक्षरांत पाठराखण. लहान केल्यावर कात्री आणि बांगडी दोन्ही ओळखू येतात.

अशी वस्तू शोधायची तर हस्तलिखितात तीनदा-चारदा परत येणाऱ्या वस्तूंची यादी करा. कंदील, सायकल, इस्त्रीचं दुकान, ऊस तोडायचा कोयता, जे असेल ते. त्यातल्या कुठल्या वस्तूला सहज ओळखता येणारा आकार आहे ते बघा. कोयत्याला आहे. गुळाच्या ढेपेला नाही. ती छापल्यावर दगड दिसते. शेवटाचा उलगडा करणारी वस्तू मात्र यादीतून काढा.

नायिकेचा चेहरा समोरून, स्पष्ट दाखवू नका. वाचकाच्या मनातला चेहरा तुम्ही मोडता, आणि चित्रकाराचा हात चेहऱ्यात कमी पडला तर सगळं पुस्तक हौशी दिसतं. मावळता सूर्य, निष्पर्ण झाड, डोळ्यातून ओघळणारा थेंब आणि एकमेकांत गुंतलेले हात यांवरही काही वर्षं बंदी घालायला हरकत नाही.

इथला तपशील इथलाच हवा

खानापूर तालुक्यात पाऊस धो धो, त्यामुळे उतरती कौलारू छपरं, जांभ्या दगडाची जोती, भाताची खाचरं. अथणीकडे गेलात तर काळी जमीन, ऊस, द्राक्षं आणि माळवदाची सपाट घरं. अथणीच्या कादंबरीवर कोकणी वळणाचं कौलारू घर टाकलं तर बाहेरच्याला कळणार नाही, पण तुमचा पहिला वाचक बाहेरचा नाही. तयार फोटोंच्या साइटवर 'भारतीय खेडं' शोधलं की बहुधा उत्तरेकडची विटांची घरं आणि घागरा-ओढणीतल्या बाया मिळतात. इथल्या म्हाताऱ्या बाईच्या अंगावर इरकली लुगडं असेल तर त्याचा लाल-पांढरा टोप पदर दिसला पाहिजे, आणि चोळी गुळेदगुड्डच्या खणाची.

काळ तपासा. रस्त्याच्या फोटोत गाडीच्या पाटीवर केए २२ (कर्नाटकातल्या बेळगावचा नोंदणी क्रमांक) दिसत असेल आणि कथा साठच्या दशकातली असेल, तर ती पाटी पुसा किंवा फोटो बदला. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला. वायव्य कर्नाटक परिवहनाची बस १९९७ पासूनची, त्याआधीच्या कथेत ती नको. इंग्रजी पाट्यांवर बेळगावचं अधिकृत स्पेलिंग नोव्हेंबर २०१४ मध्ये बदललं. दुकानांच्या कन्नड पाट्या चित्रात येत असतील तर कन्नड वाचणाऱ्याकडून एकदा बघून घ्या. चित्रकार कन्नड अक्षरं नक्षीसारखी काढतो आणि भलतंच काहीतरी उमटतं.

रंगांचंही तसंच. वर पिवळा आणि खाली लाल असे दोन पट्टे आले की इथे कुणालाही कन्नड ध्वज आठवतो. नुसता भगवा पसरला की सीमालढ्याचं पुस्तक वाटतं. कादंबरी त्याच विषयावर असेल तर प्रश्न नाही. पण मुलीच्या शिक्षणाची गोष्ट असताना केवळ रंग आवडला म्हणून हे घेऊ नका, नंतर प्रत्येक स्टॉलवर खुलासा करावा लागतो. नकाशा वापरणारच असाल तर देशाच्या बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच हव्यात. चुकीच्या सीमा छापणं हा गुन्हा आहे.

चित्र आणायचं कुठून

पहिली पसंती ओळखीतल्या चित्रकाराला. कोल्हापूरचं कलानिकेतन किंवा दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट इथे शिकलेले चित्रकार या पट्ट्यात सापडतात, शाळांतले चित्रकला शिक्षक आहेत. त्यांना सगळं हस्तलिखित देऊन 'तुम्हाला सुचेल ते काढा' म्हणू नका. एक पानभर कथासार द्या (शेवट धरून), हवी ती वस्तू सांगा, काय नको ते सांगा, कणा आणि ब्लीडसह मापाची चौकट द्या, आणि शीर्षकासाठी कुठली जागा मोकळी ठेवायची ती पेन्सिलीने आखून द्या. आधी पोस्टकार्डाएवढी तीन पेन्सिल-रेखाटनं मागा. त्यातलं एक नक्की करा, मग रंग. रंगवून झाल्यावर 'बाई जरा डावीकडे सरकवा' म्हणणं म्हणजे नवं चित्र मागणं, त्याचे वेगळे पैसे होतात.

चित्र कागदावर असेल तर फोनने फोटो काढून पाठवू नका. ए-फोरपर्यंतचं चित्र ६०० डीपीआयला स्कॅन करा, मोठं असेल तर दोन भागांत स्कॅन करून जोडा. कॅनव्हास असेल तर उघड्या सावलीत, फ्लॅश न मारता, कॅमेरा चित्राला अगदी समांतर धरून फोटो काढा आणि शेजारी कोरा पांढरा कागद ठेवा. नंतर रंग जुळवताना त्याचा उपयोग होतो. फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून गेली की ती दाबून लहान होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका.

चित्र विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळाला असं नाही. एक पानी करार करा, ओळखीचा असला तरी. त्यात चित्राचं वर्णन, रक्कम, वापर कुठे कुठे (छापील आवृत्ती, पुनर्मुद्रणं, ई-बुक, जाहिरात, बॅनर), किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी, श्रेय कसं छापणार, मूळ चित्र कुणाकडे राहणार आणि कापायची, उलटवायची किंवा रंग बदलायची मुभा आहे का, हे लिहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ई-बुक दुबईत किंवा लंडनमध्ये विकलं जातं, म्हणून प्रदेशाच्या रकान्यात 'जगभर' असं लिहून घ्या. चित्राची मोडतोड झाल्याची तक्रार करायचा चित्रकाराचा हक्क हक्कविक्रीनंतरही उरतो. ही मुभा लेखी असायला हवी ती त्यासाठीच.

जुनी चित्रं फुकट वापरता येतात, पण हिशोब करून. चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, कोल्हापूरचे आबालाल रहिमान १९३१ मध्ये, कोल्हापुरातच जन्मलेले एम. व्ही. धुरंधर १९४४ मध्ये. या तिघांची चित्रं खुली आहेत. दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ च्या अखेरीपर्यंत आहे. जुन्या मासिकातून स्कॅन करून दलाल टाकायचा विचार असेल तर वारसांची परवानगी घ्यावी लागेल. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रालाही चित्राइतकीच मुदत आहे, त्यामुळे १९८१ चा वर्तमानपत्रातला आंदोलनाचा फोटो अजून कुणाच्या तरी मालकीचा आहे. वर्तमानपत्र आणि छायाचित्रकार दोघांनाही विचारा. बेळगावचा किल्ला, कमल बस्ती, गोकाकचा झुलता पूल यांचा फोटो तुम्ही स्वतः काढलात तर तो तुमचा. दुसऱ्याने काढला असेल तर त्याची लेखी परवानगी. फोटोत ओळखू येणारी व्यक्ती असेल तर तिची सही वेगळी. मूल असेल तर आई-वडिलांची.

फुकट फोटोंच्या साइटवर परवाना वाचा. 'एडिटोरियल' असा शिक्का असलेला फोटो मुखपृष्ठाला चालत नाही. आणि फुकट मिळालेली पाठमोरी मुलगी तुमच्याआधी चार पुस्तकांवर येऊन गेलेली असते. तो फोटो इंटरनेटवर टाकून आणखी कुठे कुठे आलाय ते शोधून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

एआयने काढलेलं चित्र घेणार असाल तर बोटं, नथ, बैलगाडीचं जू आणि चित्रातली देवनागरी अक्षरं मोठी करून तपासा. चूक बहुधा तिथेच असते. किंडलवर पुस्तक टाकताना चित्र एआयचं आहे हे जाहीर करावं लागतं. अशा चित्रावर तुमचा हक्क कितपत टिकेल हेही सांगता येत नाही. कल्पना चित्रकाराला समजावून सांगायला मात्र हे साधन चांगलं आहे.

अक्षरं

मराठीत मुखपृष्ठाची अर्धी ताकद अक्षरात असते. कमल शेडगे यांच्या अक्षररचना आठवल्या की हे वेगळं सांगावं लागत नाही. जमलं तर शीर्षक हाताने लिहून घ्या, त्याचे थोडे जास्त पैसे मोजा. फॉन्ट वापरायचा तर मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' आहे का बघा. अनेक फॉन्टमध्ये ती हिंदी वळणाची येतात. टिरो देवनागरी मराठी खास मराठीसाठी केलेला आहे. मुक्ता, बालू, यात्रा वन, शोभिका हेही खुल्या परवान्याचे आहेत, मुखपृष्ठावर वापरायला पैसे लागत नाहीत.

प्रेसमध्ये अजूनही कोरलड्रॉ आणि जुने बिगर-युनिकोड फॉन्ट चालतात. तुमची युनिकोड अक्षरं तिथे पेस्ट केली की जोडाक्षरं पाय मोडून पडतात. जुन्या फोटोशॉपमध्ये देवनागरीची सेटिंग बदललेली नसेल तर पहिली वेलांटी भलत्या बाजूला जाते, 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. उपाय: शीर्षक इंकस्केपसारख्या देवनागरी नीट हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये करून कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकारांत बदला, मगच पाठवा. कर्व्ह झाल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून मूळ फाइल जपून ठेवा.

चित्रावर पांढरी अक्षरं ठेवायची तर खालचा भाग शांत हवा. झाडाच्या फांद्यांवर पांढरं शीर्षक ठेवून त्याला काळी सावली देण्याची पद्धत फार पसरली आहे. त्यापेक्षा चित्रच बदला. बारीक पांढरी अक्षरं चार रंगांच्या गडद भागात टाकू नका: चार प्लेटा केसभर सरकल्या की अनुस्वार, रफार आणि मात्रा बुजतात. काळी बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईची ठेवा. मोठ्या काळ्या पार्श्वभूमीत मात्र नुसता काळा राखाडी दिसतो. तिथे थोडा निळा मिसळावा लागतो, प्रेस प्रमाण सांगते.

कागद, लॅमिनेशन, पावसाळा

मुखपृष्ठाला ३०० जीएसएम आर्ट कार्ड घ्या, निदान २५० तरी. कार्डाचा दाणा, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर हवा. तुकडा दोन्ही दिशांनी वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो ती घडी दाण्याला समांतर असते, कणा त्याच घडीवर यायला हवा. उलटा आला तर घडीवर तडे जातात आणि गडद रंगात ते पांढरे दिसतात.

मॅट लॅमिनेशन देखणं दिसतं, पण काळ्या-निळ्यावर बोटांचे ठसे आणि ओरखडे लगेच उठतात. गठ्ठे एसटीने किंवा बाइकवरून संमेलनांना फिरणार असतील तर गडद चित्राला ग्लॉस बरं. ग्लॉसवर मांडवातली ट्यूबलाइट चमकते, तेवढं सोसा. स्पॉट यूव्ही (ठरावीक जागेपुरता चकचकीत लेप) शीर्षकापुरता ठेवा. बारीक अक्षरांवर तो हमखास सरकतो.

जून ते सप्टेंबरमध्ये बेळगाव-खानापूरकडे छापत असाल तर मुखपृष्ठं बाहेरच्या बाजूला वळतात. कारण साधं आहे: बाहेरच्या बाजूला फिल्म आहे, आतली बाजू उघडी, ती हवेतला ओलावा पिऊन फुगते. लॅमिनेशननंतर शीटं एक दिवस दाबाखाली ठेवायला सांगा, बांधलेली पुस्तकंही गठ्ठ्यात आडवी, वजनाखाली. जमिनीवर थेट नको, फळीवर.

रंगांबद्दल एकच सूचना. पडद्यावरचा रंग आरजीबी (लाल, हिरवा, निळा प्रकाश), छपाईचा सीएमवायके (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी शाई). चकचकीत निळा, पोपटी आणि भडक गुलाबी छापल्यावर मंद होतात. चित्र नक्की करण्याआधीच ते सीएमवायकेमध्ये बदलून बघा.

मलपृष्ठ, ई-बुक आणि प्रूफ

आयएसबीएन राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो, लेखक-प्रकाशकालाही. अर्ज लवकर करा, कारण बारकोडशिवाय फाइल पूर्ण होत नाही. बारकोडचा पूर्ण आकार ३७.२९ × २५.९३ मिमी, ८० टक्क्यांपर्यंत लहान चालतो. पांढऱ्या चौकटीत काळ्या रेघा हव्यात. लाल रेघा स्कॅनरला दिसतच नाहीत.

किंडलचं मुखपृष्ठ २,५६० पिक्सेल उंच आणि १,६०० रुंद लागतं. डेमीचं पुढचं पृष्ठ त्याहून किंचित रुंद असतं, दोन्ही बाजूंनी साधारण २८ पिक्सेल कापावे लागतात. म्हणजे लेखकाचं नाव कडेला चिकटवलेलं नको.

प्रूफ ज्या मशीनवर छपाई होणार त्यावरचंच मागा. ऑफसेटची छपाई असताना डिजिटल प्रिंट दाखवली तर रंग वेगळे येतील हे लक्षात ठेवा. ते दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ बघा. शीर्षक आणि तुमचं नाव मुखपृष्ठ, कणा, आतलं शीर्षकपान अशा तिन्ही ठिकाणी एकसारखं आहे का, ऱ्हस्व-दीर्घासकट. किंमत आणि आयएसबीएनचे १३ आकडे आतल्या पानाशी जुळतात का. चित्रकाराचं नाव आलंय का. कण्यावरचं नाव, पुस्तक आडवं ठेवल्यावर, मुखपृष्ठ वर असताना सरळ वाचता येतं का. हे सगळं दुसऱ्या माणसाकडूनही वाचून घ्या आणि मगच सही करा. सहीनंतरच्या चुकीचा खर्च तुमचा.

गठ्ठे आले की वेगवेगळ्या बंडलांतल्या दहा प्रती उघडून बघा. कणा सरकलाय का, लॅमिनेशनमध्ये फुगे आहेत का, मुखपृष्ठ काटकोनात उघडल्यावर घडीवर पांढरी रेघ येते का. प्रेसकडून छपाईच्या पीडीएफबरोबर मूळ उघडी फाइलही घ्या आणि करारासोबत एकाच ठिकाणी ठेवा. दुसऱ्या आवृत्तीत कागद किंवा पानं बदलली की कणा बदलतो, तेव्हा जुनी पीडीएफ तशीच पाठवू नका.